एका चेहऱ्याच्या पाच प्रती

लॅबमधून मिळालेलं पाकीट मी स्टेशनच्या जिन्यावरच उघडलं. चेन्नईत वेलचेरीपर्यंतची ट्रेन तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मैलापूरचं ते स्टेशन इतकं अवाढव्य होतं की शनिवारी दुपारी तिथे माणसांपेक्षा कबुतरंच जास्त दिसायची. पाकिटात माझ्या मुलीचे बारा फोटो होते. ती सहा वर्षांची होती आणि सांगलीला तिच्या आईजवळ राहत होती. दिवाळीच्या सुट्टीत मी घराच्या गच्चीवर तिचे हे फोटो काढले होते. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, आणि मग सगळे पायरीवर मांडून बसलो. फोटोतली मुलगी गोरी होती. अंगातला आमसुली फ्रॉक विटकरी झाला होता, आणि दोन फोटोंत तर कपाळाचा वरचा भागच कापला गेला होता.

माझी मुलगी सावळी आहे. हे फोटो दुसऱ्याच कुणाच्या मुलीचे वाटत होते.

मला चेन्नईत येऊन दीड वर्ष झालं होतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी, बदली नाकारण्याची सोय नव्हती. बायकोला आठ वर्षं थांबून शाळेत कायम नोकरी मिळाली होती. ती सोडून ये, असं म्हणायची माझी छाती झाली नाही आणि तीही तसं कधी बोलली नाही. वेलचेरीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. शेजारी बहुतेक कॉम्प्युटरवाले, सकाळी जाऊन रात्री परत येणारे. ऑफिसात इंग्रजी, रस्त्यावर मोडकंतोडकं तमिळ, आणि संध्याकाळी फोनवर दहा मिनिटं मराठी. त्या दहा मिनिटांतलीही निम्मी मुलीच्या 'काय जेवलास' आणि माझ्या 'अभ्यास केला का' यातच जायची. शनिवार-रविवार कुणाशीच बोलणं होत नसे. सोमवारी ऑफिसात पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागायचा. त्यामुळे मी कॅमेरा घेतला, कॉम्प्युटर घेतला, आणि सुट्टीत काढलेले फोटो शनिवार-रविवार बघत बसू लागलो.

त्या दिवशी मी तसाच मागे फिरून लॅबमध्ये गेलो. एका अरुंद गल्लीत, पूजेच्या सामानाच्या दुकानाला लागून ती लॅब होती. लग्नाचे फोटोग्राफर तिथे अल्बम छापायला येत. काउंटरमागे साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते, कपाळावर गंध, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मोठं छपाईचं यंत्र तेच चालवत. मी तमिळ आणि इंग्रजीची खिचडी करून तक्रार सांगू लागलो. शब्द सुचेना तसा वैतागून स्वतःशीच पुटपुटलो, "आता याला सावळं कसं सांगायचं!"

"सावळं म्हणजे सावळंच सांगा कीं," ते म्हणाले. "मला समजतें."

मराठी कुठून, मी विचारलं. त्यांचं घराणं तंजावरकडचं. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांची माणसं इकडे आली होती. घरात अजून मराठी होती, पण ती जुन्या पत्रातल्यासारखी, आणि चाल सगळी तमिळ. मला ती कानाला विचित्र लागली आणि इतकी गोड लागली की मी तक्रारीचं विसरूनच गेलो.

त्यांनी फोटो उलटा केला. मागे फिकट अक्षरांत काही आकडे होते. "हें पाहां. यंत्रानें आपल्या मनानें उजेड वाढवला आहे. इथें सगळे येऊन म्हणतात, जरा गोरं करा. म्हणून आम्ही यंत्राला तसंच लावून ठेवलें. गोरं केलं म्हणून भांडायला आलेले तुम्हीच पहिले."

"मग ते बंद करून छापता येईल?"

"येईल. पण मग तुमच्या फाइलींत जें आहे तेंच येईल. तें तरी खरं आहे काय?"

ते खरं नव्हतं, हे मला पुढच्या शनिवारी कळलं. यंत्राची आपोआप दुरुस्ती बंद करून त्यांनी तोच फोटो छापला. आता चेहरा काळपट आला आणि फ्रॉक मेलेल्या रंगाचा. घरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तर सगळं छान दिसत होतं. त्यांनी मला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. पडद्याचा उजेड किती ठेवलाय? भरपूर. खोलीची भिंत कुठल्या रंगाची? पोपटी, घरमालकाच्या आवडीची. दिवा कुठला? ट्यूब. कॅमेऱ्यात रंगांची कुठली पद्धत निवडली? मी ऐटीत सांगितलं की जास्त रंग मावणारी, एका मासिकात वाचून. ते हसले. आमच्या यंत्राला ती कळत नाही, म्हणाले. तुमचे जास्तीचे रंग ते साधे समजून वाचतं, म्हणून सगळं फिकं पडतं. फाइल इथे आणण्याआधी साध्या पद्धतीत बदलून आणा. आणि कागदाच्या मापात आधी स्वतःच कापा, नाहीतर यंत्र पोरीचं डोकं कापणारच.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना छापील नमुना काढला. त्यात राखाडी रंगाच्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पट्ट्या होत्या आणि खाली एका बाईचा चेहरा. त्याचीच फाइल त्यांनी मला सीडीवर दिली. घरी जाऊन हा कागद खिडकीच्या उजेडात धरायचा, शेजारी पडद्यावर फाइल उघडायची, आणि दोन्ही सारखी दिसेपर्यंत पडद्याचा उजेड, निळेपणा कमी करत जायचं.

मी ते अगदी मन लावून केलं. कॉम्प्युटर खिडकीशेजारी हलवला, पण उजेड थेट पडद्यावर येणार नाही अशा बेताने. मागच्या पोपटी भिंतीवर जुनी पांढरी चादर टांगली. मलाही काही काम मिळालं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला उजेड स्थिर व्हायचा, तेव्हा मी कागद हातात धरून बसायचो. पडद्याचा उजेड उतरवत उतरवत एवढा मंद केला की आधी अंधारल्यासारखं वाटलं. मग डोळे सरावले आणि राखाडी पट्ट्यांमधल्या शेवटच्या दोन, ज्या आजवर एकच काळा ठोकळा दिसत होत्या, त्या वेगळ्या दिसू लागल्या. एवढ्याशा गोष्टीचा मला फार आनंद झाला. तो सांगायला घरात कुणी नव्हतं. बायकोला फोन केला, तर ती वर्गाचे पेपर तपासत होती. "बरं झालं," ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

तीन-चार शनिवार असे गेले. फ्रॉक आमसुली आला. गच्चीचा कठडा, मागचं कडुनिंबाचं झाड, सगळं जसं होतं तसं आलं. फक्त चेहरा अजून मला पटत नव्हता. कधी पिवळट वाटायचा, कधी लालसर. मी फाइल पुन्हा पुन्हा बदलून न्यायचो. शेवटी एकदा त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला आणि विचारलं, "पापाचा खरा रंग कोणता, तें एकदा सांगा." पापा म्हणजे तमिळमध्ये लहान मुलगी.

"सावळा."

"सावळ्यांत शंभर आहेत. कसा सावळा?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. गच्चीवरच्या उन्हातला चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांपुढे पडद्यावरचा फोटोच येत होता, आणि त्याचे तर मी महिनाभर रंग बदलत होतो. त्याच्याखालची मुलगी पुसून गेली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खालचा ड्रॉवर उघडला. आत एका लहान मुलाचे फोटो होते, एकाच फोटोच्या किती तरी प्रती, प्रत्येकीचा रंग वेगळा. "माझा नातू," ते म्हणाले. "लेक परदेशांत. फोटो कॉम्प्युटरवर येतात. घरीं हिला हातांत धरायला पाहिजे, म्हणून छापतों. चाळीस वर्षें लोकांचे चेहरे छापले, पण हा एक जमेना. कसा जमावा? मी त्याला पाहिलाच नाहीं."

त्यांनी ड्रॉवर लावला आणि कामाचं बोलू लागले. माझ्या मुलीच्या त्या एका फोटोच्या त्यांनी पाच प्रती काढल्या, उजळ ते गडद, मागे पेन्सिलीने एक ते पाच आकडे घातले. "सुट्टींत घेऊन जावा. सकाळीं सावलींत, गालाजवळ धरून पाहां. ट्यूबखालीं नको. जो जुळेल त्याचा आंकडा मला सांगा."

पोंगलला जोडून मी चार दिवस रजा काढली. सोलापूरला उतरून एस.टी. धरली. दार मुलीनेच उघडलं. पुढचे दोन दात पडले होते आणि केस कापून बारीक केले होते. फोनवर हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंही नसणार.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. सकाळी अंगणात पारिजातकाच्या सावलीत मी तिला स्टुलावर बसवलं आणि एकेक प्रत तिच्या गालाशेजारी धरू लागलो. ती आधी खुदखुदली, मग कंटाळली.

"बाबा, किती वेळ?"

"झालंच. हलू नको."

पहिली प्रत उघडच चुकीची होती. दुसरीही नाही. तिसरी जवळ होती. चौथी मात्र अगदी बरोबर बसली. कागद कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो, ते क्षणभर कळलं नाही. मी आनंदाने बायकोला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली.

"चार नंबर. बघ, काय जुळलाय!"

तिने कागदाकडे नजर टाकली. "फोटो दिवाळीतला ना?"

"हो."

"मग तिसरा. आता ती रोज मैदानावर खो-खो खेळते, उन्हाने रापलीय. दिवाळीला एवढी नव्हती."

मुलीच्या चेहऱ्याकडे न बघता ती हे बोलली होती. तिला कागद गालाला लावून बघायची गरजच नव्हती. मग हळूच म्हणाली, "काल आल्यापासून तुम्ही तिच्याकडे बघताय की कागदाकडे?"

मुलगी तोवर स्टुलावरून उतरून पळाली होती. मी प्रती गोळा करून पाकिटात ठेवल्या. उरलेले तीन दिवस कॅमेरा बॅगेतून काढला नाही. तिच्याबरोबर मैदानावर गेलो, तिची वेणी घालायचा प्रयत्न केला, तर केस पुरेनात. तिळगूळ वाटायला तिच्याबरोबर घरोघर हिंडलो. निघताना ती झोपली होती. उठवू नका, बायको म्हणाली, शाळा आहे.

परत आल्यावर मी लॅबमध्ये तिसरा आकडा सांगितला. त्यांनी मोठ्या कागदावर फोटो छापला, ओला वाटावा इतका ताजा, आणि काउंटरवर दाराच्या उजेडात ठेवला. आम्ही दोघंही खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. "आतां बोलेल असं वाटतें," ते म्हणाले. फ्रॉक आमसुली होता. नाकाच्या शेंड्यावर ऊन होतं. सावळा रंग जसा दिवाळीत होता तसा, तिच्या आईच्या शब्दावर विसंबून, कागदावर उतरला होता.

तो फोटो मी चादर टांगलेल्या भिंतीवर लावला. आधी वाटलं होतं, घर भरल्यासारखं होईल. तसं झालं नाही. चुकीच्या रंगाचे फोटो होते तोवर निदान काहीतरी दुरुस्त करायचं राहिलं होतं. आता फोटो पुरा झाला होता आणि ती मुलगी तिकडे रोज थोडी बदलत होती. शनिवारी काय करावं ते पुन्हा सुचेना. दोन शनिवार मी तसाच घरी बसलो आणि तिसऱ्या सोमवारी बदलीसाठी अर्ज दिला. तो नामंजूर झाला. पुन्हा दिला.

बदली मिळायला आणखी दोन वर्षं लागली. सांगलीला सामान घेऊन पोचलो तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होत आली होती, आईच्या खांद्याला लागलेली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवलं आणि साखर शोधू लागलो. ती दारात येऊन उभी राहिली.

"त्या डब्यात नाही, बाबा. तुम्हाला देऊ का काढून?"

आधी ती मला 'तू' म्हणायची. 'तुम्ही' म्हण असं तिला कुणी शिकवलं नव्हतं, मी नंतर बायकोला विचारलं. घरी आलेल्या पाहुण्याला देतात तसा तिने डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी साखर घेतली आणि तिला विचारलं, तिच्या दुधात किती घालू. ती म्हणाली, "मी आता दूध नाही पीत."