बॅकग्राउंड विचारलं, म्हणून सांगितलं

“तुमच्याकडे गौरी खड्याच्या, की मुखवट्याच्या?”

काकूंनी विचारलं तेव्हा माझ्या हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं. सिडनीतल्या स्कोफिल्ड्समधलं त्यांचं नवं घर, हॉलमध्ये गणपती, पन्नासेक माणसं. थोड्या वेळापूर्वी त्याच म्हणाल्या होत्या, तू घरचीच आहेस, जरा वाढायला घे.

“आमच्याकडे गौरी नसतात,” मी म्हटलं. “आम्ही बौद्ध.”

काकू हसल्या. हसू तसंच ठेवून त्यांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

“मग राहू दे. तू बाहेर बस. पाहुणी आहेस.”

ताट दुसरीच्या हातात गेलं. मी सोफ्यावर जाऊन बसले. माझं जेवण तिथंच आलं, कागदी प्लेटमध्ये. सगळ्यांनाच कागदी प्लेटा होत्या. त्यामुळे मला काही सिद्ध करता येईना. काकू गोड बोलल्या होत्या. मी वकील आहे, मला पुरावा लागतो. गोड बोलण्याचा पुरावा कुणापुढे ठेवणार?

माझं आडनाव गावावरून आलेलं आहे. त्यावरून जात कळत नाही. म्हणून लोक आडून आडून विचारतात. मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? मटणाला वाटण कसलं? मी आजवर कुणाशी खोटं बोलले नाही. पण विचारणाऱ्याचा चेहरा बदलायच्या आधीच मला तो बदललेला दिसायला लागतो. ही सवय लहानपणची.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायचे. आवाज खणखणीत. त्यांना मात्र तिथं कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. “ए” म्हणायचे. पोरगेला वकीलही म्हणायचा. मी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून ते ऐकायचे. वकील व्हायचं, हे मी तिथं ठरवलं.

पुण्यात एलएल.बी. केलं, मग स्टुडंट व्हिसावर सिडनीला आले. इथं कायद्याचे बरेचसे विषय परत द्यावे लागले. वृद्धाश्रमात शिफ्टमध्ये काम करून दिले. गेली कित्येक वर्षं फॅमिली कोर्टात उभी राहते. टूनगॅबीला छोटं ऑफिस आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि मार खाणाऱ्या बायका येतात. पोरांना भेटू न दिलेले बापही येतात.

फॅमिली कोर्टात न्यायाधीशाची जागा निघाली तेव्हा ॲलिसन मागे लागली. ती आमच्या कोर्टातली सीनियर बॅरिस्टर. “तू अर्ज करत नसशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही, मेट.” मी अर्ज केला. रेफरी म्हणून, म्हणजे माझ्याविषयी खात्री देणारं, वकिलीबाहेरचं, समाजातलं एक नाव द्यायचं होतं. मी काकांचं दिलं, याच काकूंच्या नवऱ्याचं; नात्यातले नव्हेत, इथं सगळेच त्यांना काका म्हणतात. काका निवृत्त डॉक्टर. मंत्र्यांबरोबर फोटो. आपल्या लोकांच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत. त्यांच्या भाचीची कस्टडीची केस मी लढत होते. ते स्वतःहून म्हणाले होते, “माझं नाव दे. पोरी, तू आमचा अभिमान आहेस.”

गौरींच्या दिवशी निघताना ते ड्राइव्हवेपर्यंत सोडायला आले.

“आडनावावरून कळलं नाही हं कधी,” ते म्हणाले. “अर्थात, आपण आता सगळे ऑस्ट्रेलियन. नो वरीज.”

गाडीत लेकीनं विचारलं, “व्हॉट डिड ही मीन, आई?” मी सांगितलं. ती म्हणाली, “बट व्हाय डू दे केअर?” मी गाडी सुरू केली.

त्यानंतर काकांचा फोन यायचा बंद झाला. भाचीनं मला ‘ताई’ म्हणायचं सोडून ‘मॅडम’ सुरू केलं. एका क्लायंटनं केस दुसरीकडे नेली, कारण सांगितलं नाही. मी ॲलिसनला म्हटलं, काहीतरी चाललंय. ती म्हणाली, तू फार विचार करतेस. कदाचित करत असेनही. हेच तर सगळ्यांत वाईट. समोरच्याला फक्त वागायचं असतं. अर्थ लावत आपण बसायचं, आणि वर संशयी आपणच ठरायचं.

मग मुलाखत. समोर तिघं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या केसांच्या बाई. लहान मुलांची सुरक्षितता, घरातली मारहाण, तुंबलेल्या केसेस. मी बरी बोलत होते. मग बाईंनी चष्मा काढला.

“आमच्या कानावर आलंय की तुमच्या समाजातल्या काही घराण्यांविषयी तुमच्या मनात राग आहे. बॅकग्राउंडमुळे. अशा घरातला माणूस तुमच्यासमोर आला, तर त्याला न्याय मिळेल?”

उत्तर जिभेवर तयार होतं. नाही हो, तसं काही नाही, मी सगळ्यांना सारखं मानते. आयुष्यभर हेच म्हणत आले. कॉलेजात, भाड्यानं खोली शोधताना, इथल्या पार्ट्यांत. आपला राग नाही हे आपणच पटवायचं. ताट त्यांनी काढून घ्यायचं आणि मनात काही नाही अशी ग्वाही मी द्यायची.

मी ती दिली नाही.

“हे कुणी सांगितलं?”

“ते गोपनीय आहे.”

“हा प्रश्न बाकीच्या उमेदवारांना विचारलात?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “नाही.”

“मग मी स्पष्ट सांगते,” मी म्हटलं. “मी दलित आहे. तुम्ही घराणी म्हणता, ती माझ्या जातीला खालची समजणारी. त्या घरांतले नवरे आणि बायका, दोघांच्याही केसेस मी लढले आहे. माझ्याकडून त्यांना न्याय मिळेल का, हे तुम्ही मला विचारलंत. ज्यानं तुमच्या कानात हे घातलं, त्याला विचारलंत का, की माझ्या हातून तो निकाल घेईल का?”

एकानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही.

“आणि कोर्टात तुम्ही असा ऐकीव आरोप चालू दिला नसता,” मी म्हटलं.

संध्याकाळी काकांना फोन लावला. उचलतील असं वाटलं नव्हतं. उचलला.

“पॅनलशी काय बोललात?”

“अगं, त्यांनी बॅकग्राउंड विचारलं, म्हणून सांगितलं. तुझ्या भल्यासाठीच. एवढ्या परिस्थितीतून वर आलीस म्हणून.”

“राग आहे, हेही भल्यासाठी सांगितलंत?”

मग म्हणाले, “हे बघ, आपल्यातल्या लोकांना कम्फर्टेबल वाटलं पाहिजे. उद्या कुणाच्या घरातलं भांडण तुझ्यासमोर येणार. लोक काय म्हणतील?”

“तुमच्या भाचीचं आलं होतं. तेव्हा काय म्हणाले?”

“तेव्हा तू वकील होतीस.”

म्हणजे राबायला चालते. खुर्चीवर चालत नाही. ते एवढं सरळ बोलून गेले, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मी फोन ठेवला.

निवड झाली नाही. काकांमुळे, माझ्या उत्तरामुळे, की खरंच कुणी माझ्यापेक्षा चांगलं होतं, मला कधीच कळणार नाही. त्यांचं सगळं त्या न कळण्यावरच चालतं. ॲलिसन म्हणाली, मूव्ह ऑन. तिचं मन चांगलं आहे. पण पुढे जायचं म्हणजे विसरायचं, हे मला मान्य नाही.

त्या मुलाखतीबद्दल मी लेखी तक्रार केली आहे. उमेदवाराविरुद्ध कुणी काही बोललं तर ते नावासकट तिच्यासमोर ठेवा, एवढीच मागणी. भाचीची फाइल बंद केलेली नाही. तिच्या पोराला आई हवी आहे, ती केस मी लढणार. काकांच्या घरी पाऊल टाकणार नाही. त्यांच्यासारख्याची शिफारस पुन्हा मागणार नाही.

जागा पुन्हा निघेल. मी पुन्हा अर्ज करीन. माझी जात मी आधीच सांगेन, म्हणजे कानात सांगायला कुणाकडे काही उरणार नाही. माझा संशय मात्र मी सोडणार नाही. तो मला तुम्हीच दिलात, काका, तुमच्यासारख्या सगळ्यांनी. आता तो घेऊन मी तुमच्यासमोर बसणार, आणि उत्तरं तुम्ही द्यायची.