पुरेसा उजेड

कायद्याच्या प्राध्यापकांना कायदा येतो, असा लोकांचा एक गोड समज आहे. आम्हीही तो मोडायला जात नाही. भाडेकरू घर सोडत नाही, भावाने गुपचूप सही करून घेतली, असलं काही घेऊन कुणी आलं की आम्ही गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकून घेतो आणि शेवटी ‘एखादा चांगला वकील बघा’ असं सांगून मोकळे होतो.

आमचं कॉलेज या हिंदी मुलखातल्या शहराबाहेर, राऊच्या बाजूला आहे. तिथल्या स्टाफरूमच्या लांबलचक टेबलाने जगातला एकही विषय सोडलेला नाही. माझ्या शेजारचे सर अंतराळ कायद्यावर लिहितात. चंद्रावरची जमीन कुणाची, यावर त्यांचं मत दिल्लीपर्यंत विचारलं जातं. त्यांच्या स्वतःच्या प्लॉटची रजिस्ट्री मात्र मेव्हण्याने करून दिली. समोरच्या मॅडम ‘कायदा आणि अर्थशास्त्र’वाल्या. त्यांच्या मते घटस्फोटापासून कचऱ्यापर्यंत सगळं बाजारावर सोडलं की आपोआप मार्गी लागतं. एक सर नमकीनच्या, म्हणजे शेव-फरसाणाच्या, भौगोलिक मानांकनावर संशोधन करतात, आणि त्यांचे नमुने चहाबरोबर टेबलावर फिरतात, त्यामुळे विभागात खरा जम बसलाय तो त्यांच्याच विषयाचा. बाकी कुणी कुणाचं वाचत नाही. यात दुष्टावा नाही, लिहिण्यातून सवड मिळाली तर वाचणार ना! लेख छापून आला की वर्षअखेरीच्या मूल्यांकनात मोजला जातो, आणि एकदा मोजलेली वस्तू उघडून बघायची आमच्यात रीत नाही.

या मंडळींत माझा विषय अगदीच घरगुती होता. उजेड. तुमच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बिनतक्रार उजेड येत असेल, तर शेजाऱ्याने भिंत चढवून तो अडवू नये, असा एक जुना हक्क कायद्यात आहे. हिंदीत या जातीच्या हक्कांना ‘सुखाचार’ म्हणतात. हा शब्द मी आईला पहिल्यांदा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “चार अक्षरी. एवढा छान शब्द, पण कोड्यात कधी आला नाही बाई.”

आई म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई. पलासियाच्या मागच्या गल्लीत, तिच्या नावावरच्या घरात, वरच्या मजल्यावर आम्ही दोघीच राहतो. मागच्या खोलीत पूर्वेकडे एक खिडकी आहे आणि खिडकीशी आईची वेताची खुर्ची. सकाळचा चहा झाला की ती मराठी पेपरातलं शब्दकोडं घेऊन तिथे बसे. पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येतो, तरी तिचं काही अडत नसे. तिच्या मते शब्द शिळे होत नाहीत. डोळ्यांचं दोनदा ऑपरेशन झालेलं, दिव्याच्या प्रकाशात अक्षरं पोहतात म्हणे, पण त्या खिडकीच्या उन्हात तिला बारीकसुद्धा दिसायचं. मी काही बोलले की मान वर न करता ती माझं मराठी दुरुस्त करी. “आई, मी त्यांच्याशी बात करते” म्हटलं की “बोलते” असं उत्तर यायचं.

खिडकीसमोर शेजाऱ्यांची गच्ची होती. होती म्हणायचं कारण, गेल्या हिवाळ्यात तिथे विटा येऊन पडल्या. मी विचारायला गेले, तर शेजाऱ्यांनी आधी बसवून पोहे खायला घातले.

“मैडमजी, ज्यादा कुछ नहीं, अपन तो बस ऊपर दो कमरे निकाल रिये हैं. बच्चे की शादी है ना.”

“पण भाईसाहब, हमारी खिड़की बंद हो जाएगी. आई का उजाला...”

“अरे, उजाला तो ऊपरवाले का है. अपन कौन होते हैं रोकने वाले?” असं म्हणून त्यांनी माझ्या पोह्यांवर आणखी सेव घातली. मंजुरी त्यांनी रीतसर काढली होती. बाकीचं वकील बघतील, म्हणाले.

मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. आयुष्यभर ज्या विषयावर लिहिलं, तो विषय शेवटी पत्ता शोधत माझ्या घरी आला होता. त्या रविवारी मी आईच्या नावाने एक नोटीस लिहून काढली. काय नोटीस होती! अर्धविरामसुद्धा कायदेशीर होते. आईने चष्मा पुसून सही केली आणि एवढंच विचारलं, “त्यांना राग नाही ना यायचा?”

सोमवारी स्टाफरूममध्ये बातमी फुटली आणि टेबल एकदम जिवंत झालं. अंतराळवाल्या सरांनी सांगितलं की मुळात सूर्य कुठल्याच देशाच्या हद्दीत नाही, तेव्हा प्रश्न मूलभूत आहे. समोरच्या मॅडमनी मान हलवली. त्यांच्या मते आईच्या मनात उजेडाची किंमत किती आणि शेजाऱ्याच्या मनात खोल्यांची किती, ते आधी काढलं पाहिजे; ज्याची जास्त, त्याने दुसऱ्याकडून विकत घ्यावं. विभागप्रमुख म्हणाले, की एका खिडकीत एवढं काही असेल तर विशेषांकच काढू. तासाभरात माझ्या आईच्या खिडकीवर पाच लेख ठरले. बांधकाम थांबवायला कोर्टात स्टेचा अर्ज कसा करायचा, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं. नमकीनवाल्या सरांनी बरणी माझ्यापुढे सरकवली आणि एखादा चांगला वकील बघायला सांगितलं.

पंधरवड्यात शेजाऱ्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. मी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर एक उतारा होता. गर्दीच्या शहरात जुन्या खिडकीचा मालक नव्या माणसाचं छप्पर कायमचं अडवून धरू शकत नाही. भिंत झाल्यावरही सामान्य माणसाला सामान्य काम करता येईल एवढा उजेड उरत असेल, तर तो पुरेसा समजावा. भाषा मोठी ठाम होती. हा कोण शहाणा, म्हणून मी खाली नाव बघितलं, तर ते माझंच.

तो लेख मी काही वर्षांपूर्वी लिहिला होता. त्या वेळी जुन्या हक्कांवर टीका करण्याची चलती होती आणि मलाही ते मनापासून पटलेलं होतं. शहर वाढतंय, लोकांना घरं हवीत, आणि इथे जुनी माणसं आपापली उन्हं कवटाळून बसलीत, असा एकंदर सूर. त्यावर मी परिषदेत टाळ्याही घेतल्या होत्या. लेखातल्या जुन्या माणसांना चेहरा नव्हता, त्यामुळे लिखाण भराभर झालं.

वकिलाचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून फोन केला. माझाच विद्यार्थी निघाला. शेवटच्या बाकावरचा, माझ्या तासाला याने कधी वही उघडलेली मला आठवत नाही.

“मॅम, प्रणाम! आपका ही आर्टिकल लगाया है. बहुत सॉलिड है, मॅम. सामनेवाली पार्टी के पास इसका जवाब ही नहीं है.”

“सामनेवाली पार्टी मेरी माँ है.”

मग तो अदबीने म्हणाला, “मॅम, फिर भी, आर्टिकल बहुत सॉलिड है.”

इतक्या वर्षांत कुणी तरी माझा लेख मुळापासून वाचला होता, समजून घेतला होता आणि कामाला लावला होता. अभिमान वाटावा की डोकं आपटून घ्यावं, हे मला ठरवता येईना.

आईपासून लपवणं शक्यच नव्हतं, कारण पार्टी तीच. तिने हुकूम सोडला, “तो लेख वाचून दाखव. मराठीत.” मी खिडकीशी स्टूल घेऊन बसले. समोर विटांचे दोन थर चढले होते. इंग्रजीतलं एकेक वाक्य मी मराठीत करत गेले, आणि करताकरता जमेल तिथे मवाळ करत गेले. पण गणित शिकवलेली बाई, पायरी गाळली की तिला लगेच कळायचं.

“इथे मधे काही तरी खाल्लंस. परत वाच.”

सगळं ऐकून झाल्यावर तिने एकवार गच्चीकडे बघितलं. मग म्हणाली, “बरोबर लिहिलंयस की.”

“आई!”

“अगं, खरंच. लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. मधे चादर बांधलेली. सासरे खोकले की इकडे आम्ही श्वास धरायचो. त्यांच्या येणाऱ्या सुनेला खोली नको का? तुझा लेख तेच म्हणतो. आधी वाचून दाखवला असतास तर नोटिशीवर मी सहीच केली नसती.”

मग मी माझ्याच लेखावर तुटून पडले. हा मुद्दा कच्चा आहे, तो निकाल जुना झालाय, तिथे मी घाई केली. आई एकेक आक्षेप खोडत गेली, तेही माझीच वाक्यं वापरून. आयुष्यात मला वाद घालून पटवता आलेली ती पहिली वाचक, आणि तिला फिरवणं आता माझ्या हाताबाहेर होतं. एकाच ठिकाणी ती अडली.

“हा सामान्य माणूस लिहिलायस, तो कितव्या वर्षाचा?”

कायद्यातल्या सामान्य माणसाचं वय कुणी विचारत नाही. तो नेहमी चाळिशीतला, धडधाकट, चांगल्या डोळ्यांचा असतो.

“असू दे,” आई म्हणाली. “बाकी सगळं बरोबर आहे.” आणि नोटीस मागे घ्यायला लावली. घर तिचं, हक्क तिचा, सोडणारीही तीच. माझं म्हणणं कोण ऐकतो!

उन्हाळ्यापर्यंत भिंत पुरी झाली. लग्नाला आई गेली, सुनेची ओटी भरून आली आणि “गोड आहे हो मुलगी” म्हणाली. खिडकीत आता दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागते. मी खुर्ची रस्त्याकडच्या गॅलरीत नेऊन ठेवली, तर गाड्यांच्या आवाजाने तिचं डोकं धरायला लागलं, आणि ती आपली परत मागच्या खोलीत. पुढे तिने कोडी सोडवणं बंद केलं. हल्ली फार सोपी करतात, मजा नाही राहिली, असं कारण सांगितलं. एक दिवस रद्दी बांधताना मी पाहिलं, कोड्याच्या पहिल्या ओळीत तीनच अक्षरं, तीही चौकटींबाहेर गेलेली. मी तिथेच फरशीवर बसून रडले. मग उठून लिहायला बसले, कारण आम्हांला दुसरं येतं काय?

या वेळी मी जीव ओतून लिहिलं. सामान्य माणूस म्हणजे त्या घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस धरावं, त्याचे डोळे ते कायद्याचे डोळे, आणि त्याला जे काम रोज करायची सवय असेल ते सामान्य काम, मग ते शब्दकोडं का असेना. टेबलावर लेखाचं कौतुक झालं. अंतराळवाल्या सरांनी तर तो वाचलाही. छापून यायला वर्ष तरी जाईल असं संपादकांनी कळवलं.

आईला मी तो ट्यूबखाली बसून वाचून दाखवला. काहीही न गाळता. ती डोळे मिटून ऐकत होती. मी शेवटचं पान खाली ठेवलं आणि विचारलं, “कसा वाटला?”

“पहिल्याइतका जमला नाही.”

“का?”

“यात तू माझी बाजू घेतलीयस,” आई म्हणाली.

मी पानं गोळा करून फाईलमध्ये घालायला लागले, तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, “ठेवू नको गं. परत वाच.”