घ्या बाई, निवांत

जेवण झालंय. ओट्यावर भांडी तशीच पडलीत, कूलरच्या वाळ्यावर तांब्याभर पाणी मारलंय आणि मी दिवाणावर आडवी होऊन घाटूळवहिनींना रोजचा निरोप पाठवायला घेतेय. फोनवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणतात त्या, म्हणून बोलूनच पाठवायचं. बटण धरून धरून माझा अंगठा दुखतो. तर ते वर सरकवायचं, त्याला कुलूप लागतं, मग फोन छातीवर ठेवून हवं तितकं बोलत बसायचं, ही युक्ती लेकीनं शिकवलीय.

"वहिनी, शालिनी बोलतेय," मी म्हणते. "आजही काही सापडलं नाही हो."

शालिनी वांगीकर, रेडिओवरची. रिटायर होईपर्यंत या जिल्ह्यात माझा आवाज न ओळखणारं घर नव्हतं. भाजी घेताना मी "मेथी कशी दिली?" म्हटलं की दोन गाड्यांपलीकडच्या बायका वळून बघायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. वहिनींचे यजमान मुंजाजी घाटूळ मात्र स्टुडिओच्या काचेच्या पलीकडचे, रेकॉर्डिंगवाले. आमचे सगळ्यांचे आवाज त्यांनी टेपवर धरले, ब्लेडनं कापले, चिकटपट्टीनं जोडले. त्यांचा स्वतःचा आवाज कधी हवेत गेला नाही. दिवाळीच्या तोंडावर ते गेले आणि महिन्यापूर्वी वहिनींचा फोन आला.

"फोटू लई हायत बाई," वहिनी म्हणाल्या. "पर ते बोलायचे कसे, तेच मी इसरायलेय. शब्द ठावं हायत. चाल गेली. तुमच्या रेडिओत आसंल की कुठं तरी!"

तेव्हापासून मी शोधतेय. तशीही मी दिवसभर फोनवरच असते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. निवृत्तांच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी गुडघ्यांवरचे उपाय, संध्याकाळी कुणाच्या तरी भाच्याची कविता. प्रत्येकाला अंगठा दाखवायचा. लेक पुण्याहून ओरडते, "आई, किती तो मोबाईल!" तर म्हटलं, चला, आता निदान काम तरी आहे. कुणीतरी आमच्या केंद्राचे जुने कार्यक्रम यूट्यूबवर टाकलेत, ते कानात बोंडं घालून ऐकायचे. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी घाटूळ काचेपलीकडून म्हणायचे, "हं… घ्या बाई. निवांत." सुरुवातीला ते कुठं राहून गेलं असेल तर? पण नाही. सगळं स्वच्छ. काल त्यांच्याच निरोप समारंभाची टेप मिळाली. "घाटूळसाहेबांनी दोन शब्द बोलावेत," असं कुणीतरी म्हणतं, खुर्ची सरकते, टाळ्या होतात, खुर्ची परत सरकते. हात जोडून बसला माणूस!

"नुसती खुर्ची वाजते हो, वहिनी," मी सांगतेय. "आणि त्याच्यापुढे…"

त्याच्यापुढे काय, ते मला आठवत नाही. कूलर घूं घूं करतोय. पापण्या जड झाल्यात. बाहेर कुणीतरी चादरी विकतंय, त्याची हाक गल्लीच्या टोकाला जाते आणि तिथंच राहते.

घूं घूं चालू आहे. स्टुडिओतली हवेची मशीन असंच करायची. मी उठून स्वयंपाकघरात जाते तर घाटूळ ओट्यापाशी स्टुलावर बसलेत. कानावर पिवळी पेन्सिल, खिशात कागदात गुंडाळलेलं ब्लेड. माझ्या शेगडीच्या दोन बर्नरवर त्यांनी टेपची दोन रिळं चढवलीत आणि टेप एकावरून दुसऱ्यावर सरकतेय.

"बाई, चहा टाकायला तुम्हाला जागाच नाही ठेवली मी," ते म्हणतात.

"घाटूळ, अहो तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. तुमच्या ग्रुपात फुलं नव्हती का आली?"

"आली ना. शंभर कमळं आली."

"त्यात एकानं मागच्या मयताचं नाव तसंच ठेवलं होतं. 'कै. पाटीलसाहेबांना भावपूर्ण श्रद्धांजली' आणि वर फोटो माझा." ते हसतात. खांदे हलतात तसं हसतात, आवाज न करता. "मग आणखी चौघांनी तेच पुढं ढकललं."

मलाही हसू येतं आणि लगेच रडू येतं. मी पदरानं डोळे पुसते. पदर स्टुडिओच्या पडद्याचा आहे, जाड, धुळीच्या वासाचा.

"दिवसभर काय करायलात मग?" ते विचारतात.

"फोन बघते."

"दिवसभर?"

"मग काय करू? बोलायला कोण आहे घरात? भाजीवाल्याला सुद्धा आता फोनवर लिहून पाठवायचं असतं. गेला आठवडाभर मी तुमची बायको सोडून कुणाशी तोंड उघडलेलं नाही."

हे मी त्यांना कसं सांगतेय मला कळत नाही. इतकी वर्षं आम्ही एका काचेच्या दोन बाजूंना काढली, पण घरचं असं कधी बोललो नाही. आम्ही कॅन्टीनच्या बाहेर कडुलिंबाखाली उभे आहोत. बशीत चहा आहे. घाटूळ भरभरून बोलतायत, निवृत्तीनंतर ओसरीवर कसे बसायचे, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकलींचा आवाज ऐकून कुणाचं इंजिन बिघडलंय ते कसं ओळखायचे, वहिनी म्हणायच्या जरा माणसांकडे बी बघा. मी ऐकतेय. एकदम माझ्या लक्षात येतं की हाच तो आवाज. हाच तर हवाय!

"थांबा, थांबा," मी म्हणते, "हे इथं नका बोलू. माईकसमोर बोला. वहिनींना पाहिजे."

त्यांची बशी खाली होते. "माझा आवाज कशाला? मी कापणारा माणूस."

"त्या विसरत चालल्यात हो तुम्हाला. तुमची चाल विसरल्यात. रोज विचारतात मला, सापडलं का बाई? मी रोज नाही म्हणते. किती दिवस नाही म्हणू?"

माझ्या पायाला काहीतरी गुदगुल्या करतंय. खाली बघते तर टेपचे तुकडे. कापायच्या खोलीत आम्ही जमिनीवर बसलोय आणि सगळीकडे तपकिरी चकचकीत तुकडे पडलेत, कांद्याच्या सालींसारखे, गुडघ्यापर्यंत. घाटूळांनी आयुष्यभर जे जे कापून टाकलं ते सगळं. मी एक तुकडा उचलून कानाला लावते. एका शाहिराचा खोकला. दुसरा लावते. कलेक्टरसाहेबांचं "अं… अं… म्हणजे…" तिसरा लावते तर कुणीतरी बाई हुंदका गिळतेय.

"ते तुमचं," घाटूळ म्हणतात.

मला ओळखू येतं. आई गेली त्यानंतरचा माझा कामावरचा पहिला दिवस. महिलांच्या कार्यक्रमात मी धपाट्यांची कृती वाचत होते आणि तिखट-मीठ चवीनुसार म्हणताना घसा दाटला. धपाटी आईचीच होती.

"तेवढंच काढलं होतं तुम्ही. कुणाला कळलं सुद्धा नाही."

"फेकवलं नाही मला. खिशात ठेवलं होतं."

मी तो तुकडा मुठीत धरते. या माणसाला मी कधी एक पेढा सुद्धा नेऊन दिला नाही. मला त्यांची इतकी आठवण येते, तेही समोर बसलेले असताना, की छाती दुखते.

"यात तुमचं कुठंय?" मी दोन्ही हातांनी तुकडे उपसत विचारते. "'घ्या बाई' कुठंय तुमचं? ते बी कापायचात ना? मग इथंच असणार."

"ते तर मी पहिलं कापायचो. रोजच्या रोज." ते खोलीच्या कोपऱ्याकडे बघतात. "खाली नका शोधू. झाडून नेलं बायांनी."

"मग चला. आत चला. आता बोला."

मी त्यांना जवळजवळ ढकलतच आत पाठवते. जड दार मिटतं. आज मी काचेच्या या बाजूला आहे आणि ते माझ्या खुर्चीत, माईकसमोर. पहिल्यांदा बघतेय मी त्यांना तिथं. परीक्षेला बसवलेल्या माणसासारखे दिसतायत. लाल दिवा लागतो. मी सगळी बटणं वर सरकवते. त्यांचे ओठ हलतात.

मीटरचा काटा हलत नाही.

"घाटूळ, लेव्हल येत नाहीये! जरा जवळ या."

ते जवळ येतात. ओठ हलतात. काटा शून्यावर मेल्यासारखा पडलाय. ते बोलतायत, मला दिसतंय, ते बराच वेळ बोलतायत, मध्येच हसतायत, कुणाला तरी हाक मारावी तसं तोंड उघडतायत आणि इकडे नुसती घूं घूं. मी काचेवर थापा मारते. "मोठ्यानं! अहो, मोठ्यानं बोला ना!" माझाही आवाज पलीकडे जात नाही. त्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून तर ती बांधलेली.

ते थांबतात. माझ्याकडे शांतपणे बघतात, मी घाबरले की बघायचे तसं. मग हात वर करतात आणि माझ्याकडे बोट करतात.

ती खूण मला झोपेत सुद्धा कळते. बोट आलं की बोलायचं. इतक्या वर्षांत त्यांचं बोट आलं आणि मी गप्प बसले असं एकदाही झालेलं नाही. मी तोंड उघडते.

घूं घूं बंद होते.

वीज गेलीय. कूलर थांबलाय आणि खोलीत इतकी शांतता आहे की मला माझ्याच घराची भीती वाटते. मान घामानं चिकट झालीय. छातीवर फोन तापलाय. उचलते तर त्याचं रेकॉर्डिंग चालूच. कुलूप लावलेलं तसंच, आकडे पुढं पळतायत, आणि खाली आवाजाच्या रेघा सरकतायत, सगळ्या आडव्या, मेलेल्या.

अगं बाई! वहिनींचा निरोप. थांबवून पुसणारच असते, पण म्हटलं ऐकू तरी.

आधी मी, खुर्ची वाजते वगैरे. मग कूलर. मग घोरणं. मी घोरत नाही असं आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलेय. चादरीवाला. परत घोरणं. मग मी काहीतरी पुटपुटतेय, एक शब्द कळेल तर शपथ. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, कूलर बंद पडायच्या अगदी आधी, माझ्या गळ्यातून, जाडसर, तोंडात तंबाखूची गुळणी धरल्यासारखं, शेवटचा शब्द लांबवत:

"हंऽ… घ्या बाई. निवांऽत."

मी परत लावते. परत लावते. आवाज माझा आहे, ते कुणीही सांगेल. पण मी असं बोलत नाही. मी 'निवांत' असं म्हणेन की त्यातलं प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं दिसेल. हे 'वां' माझं नाही.

घोरण्यासकट सगळं पाठवून देते. लाज कसली धरायची आता? दोन खुणा निळ्या होतात. मग काहीच येत नाही. मी भांडी घासते. कुकर घासते, तवा घासते, परत कुकर घासते. शेगडी पुसताना बर्नरवरून जरा जपून हात फिरवते. मग फोन वाजतो.

"बाई," वहिनींचा आवाज येतो, आणि पुढं नुसता श्वास. "आवाज तुमचाच हाय. पर चाल त्यांची हाय वो. हुबेहूब हाय. सुनंला बी ऐकिवलं, ती म्हणली, मामाच की." परत श्वास. "एक सांगू का, राग नका मानू. मला ते 'द्वारके' म्हणायचे. चार माणसांत नाही, घरात. तेवढं एकदा म्हणून धाडा की, त्यांच्या चालीत. मग मी काही मागत नाही तुम्हाला."

मी फोन घेऊन दिवाणावर बसते. घसा साफ करते. आयुष्यभर हेच तर केलंय, म्हणायला काय जातंय? बटण दाबते आणि म्हणते, "द्वारके." लावून बघते. बातम्यांत धरणाची पाणीपातळी सांगावी तसं आलंय, स्पष्ट, स्वच्छ, अनोळखी. पुसते. घसा जड करून म्हणते, तर नाटकातल्या म्हाताऱ्यासारखं येतं. पुसते. हे नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलंच नाही. मी कुठून आणू? मघाशी काचेपलीकडे तोंड उघडून कुणाला तरी हाक मारत होते ना ते… तेच असेल का? मी ओठांकडे नीट बघितलं नाही. मला काट्याची पडली होती.

आता संध्याकाळ व्हायला आलीय, तिकडे वहिनी फोन हातात धरून बसल्या असणार. मी खिडकीचा पडदा ओढते, आडवी होते, बटण वर सरकवून त्याला कुलूप लावते, फोन छातीवर ठेवते आणि डोळे मिटते. वीज अजून आलेली नाही. कूलर बंद आहे. झोप येत नाही. रेकॉर्डिंग चालू आहे.