जोडसायकलची मागची सीट

बाटल्या भरायच्या कारखान्यात त्याला सगळे तपासनीस म्हणत. धुतलेल्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक पांढऱ्या दिव्यासमोर सरकत यायच्या आणि हा उंच स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघायचा. तडा, बुडबुडा, तळाशी चिकटलेला कागदाचा कपटा, काही दिसलं की बाटली बाहेर. पाळी संपली की डोळे चुरचुरायचे, पण त्याचं त्याला काही वाटत नसे. आठवडाभर काच बघायची ती रविवारसाठी.

रविवारी तो सायकल काढायचा. घराखालच्या नदीकाठाने सपाट रस्ता, मग पुलाजवळून चढ. चढभर दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, तारांवर चढवलेले, विंचरलेल्या केसांसारखे सरळ. माथ्यावर पाण्याची टाकी. तिथे एक पाय टेकून तो दोन घोट पाणी प्यायचा आणि पलीकडच्या नदीकडे स्वतःला सोडून द्यायचा. तो उतार म्हणजे त्याचा जीव की प्राण. वळणं तोंडपाठ. ब्रेकला बोटं लावायची ती फक्त सवय म्हणून.

मग नजर कडांकडून बंद व्हायला लागली. आधी दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या, मग टेबलावरचे पेले कलंडू लागले. बायको म्हणायची, "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" तो म्हणायचा, "कामावर." हे कोणालाही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. शेवटी एका रविवारी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, क्रेटने भरलेल्या ट्रॉलीत तो सायकलसकट घुसला. खांद्याचं हाड मोडलं आणि झाकली मूठ उघडी पडली.

डोळ्यांची डॉक्टरीण स्पष्ट बोलणारी होती. "नळीतून बघितल्यासारखं दिसतंय ना? नळी आणखी बारीक होत जाईल. सायकल आजपासून बंद."

कारखान्याने त्याला दिव्यासमोरून उठवून खोकी घडी करायच्या खोलीत बसवलं. तिथे डोळे नसले तरी चालत होतं. चांगली माणसं होती तिथली, त्याला सांभाळून घ्यायची, आणि नेमकं तेच त्याला सहन होत नव्हतं. घरी आला की तो खिडकीशी बसायचा. बायको कपडे आल्टर करायचं काम घरीच करायची, तिच्या मशीनची खडखड चालू असली तरी तो म्हणायचा, "किती शांतता आहे." हे टोमणे ती वर्षभर ऐकत राहिली. मग एके दिवशी गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण उसवता उसवता ती म्हणाली, "बंद पडलेल्या सायकल क्लबात एक जोडसायकल धूळ खात पडलीय. दोन सीटांची. पुढचा हँडल धरतो, मागचा नुसता पायडल मारतो. मी आणायला सांगितलीय."

"पुढे कोण बसणार? तू?"

"माझी कंबर मला शिलाईला पुरत नाही. माझा भाऊ बसेल."

तपासनिसाने कपाळाला हात लावला. त्याचा मेहुणा मोटार शिकवायच्या शाळेत मास्तर होता. सज्जन, मदतीला धावणारा, पण जिभेला हाड नाही. आणि दुसऱ्यांच्या चुका सांभाळता सांभाळता त्याचा पाय कायम ब्रेकवर. पायी चालतानाही कोपरा आला की तो दचकून थांबायचा. पण दुसरं होतं कोण? अडला हरी, गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत तपासनीस मागच्या सीटवर बसायला तयार झाला.

पहिल्या दिवशी घरासमोरच दोघं आडवे झाले. मास्तरने उजवा पाय आधी दाबला, तपासनिसाने डावा. दुसऱ्यांदा निघाले ते नदीकाठापर्यंत पोचले, पण तिथे मास्तरला त्याचा जुना विद्यार्थी ट्रॅक्टरवर भेटला. गप्पा झाल्या. पुढे फुलांच्या दुकानाशी दुसरी विद्यार्थिनी भेटली. या भागात ज्याच्या हातात गाडी होती तो प्रत्येक जण मास्तरचाच चेला निघत होता.

आणि रस्त्यावर तोंडाची टकळी चालूच. "भाऊजी, डावीकडे काय मळे दिसतायत म्हणून सांगू! नदी कशी चमकतेय!"

"मला मळे सांगू नकोस. खड्डे सांग."

"सांगतो ना. हा गेला बघा एक."

तो गेलेला खड्डा तपासनिसाच्या मणक्यातून वर येऊन दातांत वाजलेला असायचा. गिअर बदलताना मास्तर सांगायचा नाही; पाय एकदम पोकळीत पडायचे. चढावर दम लागला की बोलणं थांबायचं, तेवढंच सुख. माथ्यावर पोचल्यावर तपासनिसाच्या अंगावर काटा यायचा, आता उतार, आता वारा. पण मास्तर दोन्ही ब्रेक मुठीत आवळून धरायचा आणि जोडसायकल आजारी म्हशीसारखी कण्हत कण्हत खाली उतरायची.

"सोड की रे ब्रेक!"

"वळण आहे, भाऊजी."

"हे वळण नाही, हा बाक आहे. इथे म्हातारीसुद्धा ब्रेक लावत नाही."

उन्हाळा लागता लागता दोन्ही खोऱ्यांतले सायकलवाले मिळून एक मोठी फेरी काढतात. त्यात जायचंच, असा तपासनिसाने हट्ट धरला. बरोबरीचे जुने सवंगडी होते, त्यांच्यासमोर माथ्यावरून एकदा सुसाट उतरायचं होतं. मास्तरने मान डोलावली. ती मान डोलावणी तपासनिसाला दिसली नाही, म्हणून तो पुन्हा ओरडला, "ऐकलंस का?"

चढावर ते बरे होते. टाकीशी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग उतार लागला आणि मास्तरने नेहमीसारखे ब्रेक आवळले. शेजारून सवंगडी सूं सूं करत पुढे निघून जात होते. त्यांच्या हाका लांब लांब जात होत्या. तपासनीस मागून ओरडत होता, मास्तर पुढून "हो हो" म्हणत होता आणि मूठ काही सैल होत नव्हती. रबर जळाल्याचा वास आला. चाकाची धाव इतकी तापली की मागची ट्यूब बंदुकीसारखी फुटली. कसेबसे ते रस्त्याच्या कडेला थांबले.

"झालं समाधान?" तपासनीस गरजला. "भित्रा कुठला! आयुष्यभर दुसऱ्याच्या बाजूला बसून ब्रेक मारलेस, तुला चालवायचं काय असतं ते काय कळणार?"

मास्तर हातपंप शोधत होता. तो थांबला. नेहमीच्या बडबडीचा मागमूस नसलेल्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्हाला भीती वाटत नाही. मला दिसतं. दरी दिसते, समोरून येणारा ट्रक दिसतो. आणि माझ्या मागे माझ्या बहिणीचा नवरा बसलेला असतो."

तपासनिसाचा राग दुप्पट झाला. "मी चालत जातो," म्हणून तो निघाला. उताराच्या दिशेने जायचं, त्यात काय अवघड? पण नळीएवढ्या नजरेत त्याला रस्त्याची कड दिसली नाही. पायाखाली डांबराऐवजी माती आली आणि तो मळ्यात शिरला. वेलींची एक ओळ, मग दुसरी. वळला तर तार. पुन्हा वळला तर खांब, तोही ढोपरावर. चहूकडे पानंच पानं. ज्या मळ्यांमधून तो उभी हयात वाऱ्यासारखा गेला होता, त्यांच्यात आता त्याला दहा पावलांचा रस्ता सापडत नव्हता. पिकलेल्या द्राक्षांचे घड गालाला लागत होते. त्याने एक घड रागाने ओरबाडून फेकला, आणि फेकल्याबरोबर त्याला रडू आलं.

बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली. "मास्तर!"

"इथेच आहे," मास्तरचा आवाज अगदी शेजारच्या ओळीतून आला. तो मघापासून मागोमागच चालत होता. "डावा हात पुढे करा. तार आहे, खाली वाका. हां."

मास्तरने फोन केला तशी बायको शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आली. घरी दार उघडून आत गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझा भाऊ पुढच्या रविवारी आला नाही तर मी त्याला बोलावणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

मास्तर आला नाही. त्यानंतरच्याही रविवारी आला नाही. तपासनीस पुन्हा खिडकीशी बसला. शेवटी एका संध्याकाळी काठी टेकत तो मोटारीच्या शाळेत गेला. मास्तर एका घाबरलेल्या बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होता. त्यांचं होईपर्यंत तपासनीस भिंतीशी, टायरच्या ढिगावर बसून राहिला. माफी मागायची असं ठरवून आला होता, पण तोंडातून निघालं भलतंच.

"ब्रेक मागे बसवता येतो का रे?"

"म्हणजे?"

"माझ्या हाताशी. दोरी मागे ओढून. तू नुसतं सांग, मी दाबतो."

मास्तर विचारात पडला. "म्हणजे तुमच्या हातात माझा जीव?"

"इतके दिवस माझा तुझ्या हातात होताच की."

सायकल दुरुस्तीवाल्याने मागच्या चाकात धाव न तापवणारा ड्रमचा ब्रेक घातला आणि त्याची मूठ मागच्या हँडलवर बसवली; मास्तरच्या हाताशी ब्रेक उरलाच नाही. उतारावर तपासनिसाची भूक भागेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. मास्तर माथ्यापासून सुरू झाला, "धरा! धरा! सोडा थोडं. धरा म्हणतो ना!" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तपासनिसाची बोटं आखडली. आता स्वतःच्याच हाताने तो उताराची मजा घालवत होता, आणि कोणावर ओरडायचीही सोय उरली नव्हती.

शेवटचं वळण संपून पलीकडच्या नदीवरच्या पुलाकडचा सरळ रस्ता लागला, तेव्हा वाऱ्याचा आवाज बदलला. त्याने विचारलं, "समोर?"

"मोकळं आहे, पण धरा."

तपासनिसाने मूठ सोडली. सायकल उसळली, मास्तर आईच्या नावाने किंचाळला, पूल पायाखालून धडधडत गेला. पलीकडे थांबल्यावर मास्तर खाली उतरला, बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्हा असं केलंत तर तुम्ही आणि तुमची सायकल."

"बरं."

"बरं नाही. शब्द द्या."

तपासनिसाने शब्द दिला. द्यायला जिवावर आलं होतं, पण दिला, आणि आजवर पाळलाय. रविवारी दोघं जातात. कण्हत उतरतात, रस्त्यात भांडतात, सगळे त्यांना मागे टाकून जातात. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसं झालं?" की मास्तर म्हणतो, "मस्त." तपासनीस बूट काढत म्हणतो, "हळू."