चुकून लागणारे फोन

माझा धाकटा भाऊ नेमकं काय काम करतो, हे लोकांना सांगताना मला घाम फुटायचा. फोनवर बोट फिरवलं की यादी सरसर पळते, मग हळूहळू थांबते, टोकाला गेली की जराशी ताणून परत येते ना? ते वजन, ते घर्षण, तो ताण काचेत नसतोच. कुणीतरी हिशोब करून आत घालावा लागतो, आणि तो हा घालायचा. घरी आला की टेबलावर वाट्या सरकवत बसायचा, नाहीतर कपाटाचे खण पुन्हापुन्हा उघडून बघायचा. आई म्हणायची, "एवढं शिकलास आणि शेवटी खणच ओढतोयस." पण तिच्या तोंडावरून कौतुक ओसंडत असायचं.

पुढे आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, डाव्यात जेमतेम जोर उरला. आकडे दाबणं जमेना, म्हणून भावानं तिच्या फोनवर खास सोय केली. मधोमध त्याचा फोटो. तो बोटानं वर सरकवला की त्याला फोन लागणार, अर्ध्यात सोडला तर स्प्रिंग लावल्यासारखा खाली परत येणार.

मग काय, उठसूट त्याला फोन जायला लागला. हा बैठक सोडून बाहेर धावायचा. "काय झालं गं आई?"

"काही नाही रे. चुकून लागला. तू कर तुझं काम."

आता आमची आई काय चीज होती, हे त्याला माहीत नसावं? जन्मात चुकून काही केलं नाही त्या बाईनं. पण तुझा आवाज ऐकावासा वाटला, असं म्हणायला तिची जीभ रेटायची नाही. आणि हा दीडशहाणा तिच्या शब्दावर गेला. पुढच्या सुट्टीत आला तो तिचा फोन घेऊनच बसला. स्प्रिंग कडक केली. फोटो पार वरपर्यंत रेटल्याशिवाय फोन लागूच नये, असं करून ठेवलं. स्वतःच्या धडधाकट अंगठ्यानं ओढून पाहिलं आणि खुशीत म्हणाला, "आता नाही लागायचा चुकून."

"बरं झालं," आई म्हणाली.

फोन थांबले. भावाला वाटलं, काम फत्ते. मी दिवसभर दुकानात, मला कशाचाच पत्ता नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आई झोपेतच गेली. भेटायला आलेली माणसं पांगल्यावर, तिला दिवसा सांभाळणारी बाई आपल्या पिशव्या न्यायला आली. आईचा फोन माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, हा बिघडलाय का हो? आजी रोज दुपारी दादांचा फोटो ढकलत बसायच्या. थोडासा वर जायचा, परत खाली यायचा. मी म्हटलं, मी लावून देते. तर म्हणाल्या, नको, त्यानंच तसं केलंय. त्याला त्रास होत असेल माझा."

भाऊ तिथंच बसला होता. मला त्याची चांगली खरडपट्टी काढायची होती, पण त्याच्याकडे बघितलं आणि फोन नुसता त्याच्या पुढ्यात ठेवला.

तो उठला, लॅपटॉप काढला, आईचा फोन त्याला जोडला आणि स्प्रिंग सैल करत बसला. मग डाव्या हाताचं बोट फोटोवर नुसतं टेकवलं, आई टेकवायची तसं. फोटो अलगद वर गेला.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून समोर धरला. त्यावर 'आई' दिसत होतं. त्यानं उचलला नाही, कापलाही नाही, वाजू दिला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

वाजायचा थांबला, तसा त्यानं फोटो पुन्हा वर सरकवला.