घर माझ्या नावावर

नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये मी संविधान शिकवते, आणि बाप्पा, काय तोऱ्यात शिकवते! 'दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष' हे तर टेबलावर हात आपटून सांगते.

बस्तरची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. तिकडे जंगलातले बंदूकवाले आणि पोलीस यांची लढाई तिच्या जन्माआधीपासूनची. मागच्या हिवाळ्यात तिच्या भावाला पोलिसांनी उचललं. जंगलवाल्यांना तांदूळ दिला म्हणे. अरे, बंदूक घेऊन दारात उभा राहिलेल्याला नाही कोण म्हणेल? कोर्टानं जमानत दिली, पण जमानतदार स्वतःचं घर असलेला हवा होता. त्यांचं घर तर लढाईतच जळालं. तिनं मला विचारलं, तुम्ही राहाल का जमानतदार?

मी म्हटलं, "आमच्या ह्यांना विचारून सांगते."

आज भाजी कोणती करू, हेसुद्धा मी ह्यांना कधी विचारलेलं नाही! पण पोलीस घरी येतील, कॉलनीत चर्चा होईल, आमच्या मुलाची सरकारी नोकरी अडेल, असं काय काय डोक्यात आलं. आणि लाज वाटते सांगायला, पण हेही आलं की तिच्या भावानं काहीतरी केलंच असेल, उगीच थोडी उचलतात.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. स्टील प्लांटमधून रिटायर झालेला माणूस, वरणभात कालवता कालवता म्हणाला, "घर तुह्या नावावर हाय. मले कावून विचारून राहिली? कर नं सही."

घराचे कागद कपाटातच राहिले. मुलीला मी सांगितलं, "हे नाही म्हणाले."

देशातल्या देशात लढाई चालली की संविधान कसं बदलतं, असा प्रश्न परीक्षेत येतो. मी पोरांना नवे कायदे सांगते, दुरुस्त्या सांगते. ते खोटं नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात ते कसं बदललं, हे कोणत्या तोंडानं सांगू?

भाऊ अजून आतच आहे. परवा क्लास सुटल्यावर मुलगी मागे थांबली. वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार. सुनावावेतच तिनं, असंही वाटलं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मेरी वजह से सर से झगड़ा मत करना. डर गए होंगे बेचारे."

मी म्हटलं, "नहीं करूँगी."