गल्लीला ठाऊक असलेला पासवर्ड

नागपुरात गुपित कुठेही टिकेल, भर संध्याकाळी सीताबर्डीच्या फुटपाथवर ठेवलं तरी टिकेल. माझ्या साडूंच्या घरात टिकणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो आणि ते मला प्रोफेसर म्हणतात. त्यांनी मला हाक मारली की इतवारीमागच्या त्यांच्या गल्लीत अगदी टोकाच्या घरालाही कळतं, की आज धरमपेठेतून पाहुणा आला आहे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात काढली. तिथे माणसं ओरडूनच बोलत. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, भाऊजींचे कानही गिरणीबरोबर गेले, पण आवाज मात्र ते घरी घेऊन आले. पुढे त्यांनी कुलर दुरुस्तीचा धंदा घातला. कुलरचा पंखा पूर्ण वेगात सोडून त्याच्यासमोर उभं राहून गिऱ्हाइकाशी बोलायचं, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे आवाज कमी करायची गरज त्यांना आयुष्यात कधी पडलीच नाही. एकदा डॉक्टरांनी दवाखान्यात त्यांच्या पोटाबद्दल एक नाजूक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर त्यांनी बाहेरच्या बाकावरच्या रोग्यांसकट सगळ्यांना दिलं. ते घरी पोचायच्या आत गल्लीच्या तोंडाशी तर्री-पोह्यांचा ठेला लावणारा माणूस पपई घेऊन दारात उभा होता. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, कपाळाला हात लावून म्हणते, ‘यायले काही सांगणं अन् दवंडी पिटणं सारखंच हाय, बाप्पा.’

अशा माणसाच्या हाती पासवर्ड ही वस्तू जायला नको होती. पेन्शनचं खातं मोबाईलवर आलं तेव्हा बँकेतल्या मुलीने त्यांना जवळ बोलावून सांगितलं, की काका, एक गुप्त शब्द ठरवा आणि कोणालाही सांगू नका. भाऊजींनी तो रांगेतल्या सगळ्यांच्या साक्षीने ठरवला. ‘लिहा बाई! सुशीला! मंग ते जिलेबीसारखं गोल गोल असते ते! मंग चारशे सात!’ सुशीला हे ताईचं नाव आणि चारशे सात हा त्यांचा गिरणीतला बिल्ला नंबर. ताईला हे कळलं तेव्हा ती लाजली आणि रागावलीही. म्हणाली, ‘लग्न झाल्यापासून एकट्यात कधी माहं नाव घेतलं नाई या माणसानं, अन् बँकेत सगळ्याईसमोर घेतलं!’

त्या दिवसापासून तो शब्द गल्लीचा झाला. भाऊजींचा मोबाईल अडला की पोहेवाला तर्रीचा हात फडक्याला पुसायचा आणि त्यांचा गॅस बुक करून द्यायचा. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या समोरच्या मावशी विजेचं बिल भरून द्यायच्या. पोट्टे लपाछपी खेळताना ‘सुशीला चारशे सात’ म्हणून धप्पा द्यायचे. इतकी वर्षं हा शब्द गल्लीत उघड्यावर पडून होता. त्या गल्लीत महिनाअखेरीस साखर उसनी मागणारी घरं आहेत. भाऊजींच्या खात्यातला एक रुपयाही कधी इकडचा तिकडे झाला नाही.

इथपर्यंतचं सांगताना मला हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. जोखीम आणि परतावा हा धडा मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिला आहे, की खडू हातात दिला तर झोपेतही लिहीन. आमच्या स्टाफरूममध्ये एकाने क्लाउड मायनिंगची गोष्ट काढली. कुठे तरी दूर एक कंपनी आहे, तिच्याकडे रात्रंदिवस चालणारी यंत्रं आहेत, ती यंत्रं क्रिप्टोची नाणी तयार करतात. आपण यंत्राचा थोडा हिस्सा भाड्याने घ्यायचा आणि रोजची कमाई आपल्या खात्यात जमा होताना पाहायची. मोबाईलच्या पडद्यावर एक छोटी कुदळ सारखी वरखाली व्हायची आणि तिच्याशेजारचा आकडा वाढत राहायचा. मी थोडे पैसे टाकले, थोडे काढून पाहिले, ते मिळाले. मग एका रविवारी जेवताना ही गोष्ट मी भाऊजींना सांगितली. दुसऱ्या कोणाला सांगितली असती तर ती ताटाशेजारीच राहिली असती. भाऊजींना सांगायची म्हणजे ओरडणं आलं. ‘रोज येतात, भाऊजी! घरबसल्या! मी स्वतः काढून पाहिले!’ उन्हाळ्याचे दिवस, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मी एका माणसाला सांगत होतो आणि अख्खी गल्ली हातातला घास थांबवून ऐकत होती.

भाऊजींनी मात्र डोळे मिटून उडी घेतली नाही. त्यांनी मला भंडावून सोडलं. ‘खाण कोठी हाय? उमरेडले का मनसरले?’ मी म्हणालो, तशी कोळशाची नि मँगनीजची खाण नाही, क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. ‘ढगात खाण? अन् पावसाळ्यात काय करतेत?’ शेवटी मी त्यांना सांगितलं, की एका मोठ्या शेडमध्ये यंत्रं असतात आणि ती फार तापतात. तापतात हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. ‘मंग कुलर कोणता लावला त्याईनं?’ कुलर कोणता, हे कंपनीने कुठेच लिहिलेलं नव्हतं. भाऊजींनी माझ्याकडून कंपनीला एक पत्र लिहून घेतलं. शेडच्या कुलरला पाणी झिरपायच्या ताट्या लाकडाच्या भुश्श्याच्या लावू नयेत, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या लावाव्यात, होळी झाली की लगेच बदलाव्यात आणि पाणी खारं असेल तर टाकी दर आठवड्याला घासावी. ते सांगत होते आणि मी इंग्रजी करत होतो. त्याला उत्तर आलं! ‘आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार. आपण आमच्या परिवाराचे सदस्य आहात.’ भाऊजींनी ते छापून आणलं आणि दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या कुलरवर चिकटवलं. मला म्हणाले, ‘कंपनी चांगली हाय गा, प्रोफेसर. गिरणीनं माह्या एका पत्राले जवाब नाई देला कधी.’ त्या एका उत्तराने त्यांचा विश्वास बसला. आज वाटतं, कोणी त्यांना आधी कधी उत्तर दिलं असतं तर हे पत्र त्यांना इतकं मोठं वाटलं नसतं.

मग गल्ली आली. मावशी आल्या, पोहेवाला आला, मागून आणखी काही घरं आली. खाती भाऊजींनीच आपल्या हाताने, आपल्याच मोबाईल नंबरावर उघडून दिली. प्रत्येकाने पासवर्ड काय ठेवायचा म्हणून विचारलं आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं. ‘नवा कोण याद ठेवते? आपलाच टाकू!’ आणि सगळ्यांनी ‘सुशीला चारशे सात’ टाकला. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. गल्लीच्या नळाला एकच तोटी, तसा गल्लीला एकच पासवर्ड. मी तिथे हजर होतो. मी हसलो होतो.

पुढच्या चैत्रात पैसे काढायची सोय बंद झाली. ‘देखभाल चालू आहे’ अशी पाटी आली. कुदळ वरखाली होत होती, आकडा वाढत होता, फक्त हाती काही लागत नव्हतं. नंतर एके सकाळी कुदळही गेली. मोबाईलवर कंपनीच्या सदस्यांचा एक मोठा गट होता, गावोगावचे अनोळखी लोक त्यात. तिथे आधी धीर दिला गेला, मग शिव्या आल्या. धीर सोडणाऱ्यांनाच काही जण झापत होते, की तुमच्यासारख्यांमुळेच कंपनी बुडते. एक जण बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणून आगाऊ फी मागत होता आणि लोक त्याला ती देतही होते. आणि त्यातच कुणी तरी कंपनीकडून फुटलेली सगळी माहिती गटावर टाकली: नावं, मोबाईल नंबर, पासवर्ड. ज्या कंपनीच्या पानावर भलंमोठं कुलूप काढलेलं होतं, तिने पासवर्ड आहेत तसेच, साध्या अक्षरांत ठेवले होते.

गल्लीला या बातमीचं काहीच वाटलं नाही. पोहेवाला म्हणाला, ‘लीक झालं म्हणजे काय झालं, सर? हा तं आमचं बारकं पोट्टंबी सांगते.’ पण गटावरच्या लोकांना त्या यादीत एकाच नंबरावर, एकाच पासवर्डाची इतकी खाती दिसली. एवढं त्यांना पुरलं. ‘एक माणूस, इतकी खाती. हाच दलाल. याच्याच घशात गेले आपले पैसे.’ आणि सगळा राग, जो कंपनीपर्यंत पोचू शकत नव्हता, तो पोचण्याजोग्या नंबरावर येऊन कोसळला.

भाऊजींचा मोबाईल दिवसभर वाजू लागला. ऐन कुलरचा हंगाम. त्यांना वाटलं, यंदा धंदा फळला. पलीकडून कोणी त्यांच्या आईचा उद्धार करत होता आणि इकडून भाऊजी आनंदाने ओरडत होते, ‘हाव! मीच बोलतो! ताट्या बदलाच्या हायेत का नवा पाह्यजे? पत्ता सांगा, सांजच्याले येतो!’ फोन ठेवून ताईला म्हणाले, ‘लोकं लय गरमीत हायेत यंदा.’ असे दोन दिवस गेले. बहिरेपणाने त्यांना सांभाळलं. पण मग लोकांनी फोन करणं सोडून संदेश पाठवायला सुरुवात केली. भाऊजींना ऐकू येत नसलं तरी वाचता येत होतं. दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी ते एकेक करून वाचले. मग उठले आणि कुलरवर चिकटवलेलं ते पत्र नखाने खरवडून काढलं. त्यानंतर त्यांचा आवाज गेला. बोलत होते, पण ओठातल्या ओठात. पोहेवाला मला म्हणाला, ‘गल्ली मेल्यासारखी वाटून राहिली, सर.’

मी त्या गटात होतो. एक दिवस धीर करून मी लिहिलं, की या माणसाला मी ओळखतो, तो दलाल नाही, त्याला यात मी आणलं. पाठोपाठ उत्तरं आली, मग तू कोण, तुझा हिस्सा किती. त्या उत्तरांत एक नाव माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्याचं होतं. मी माझा संदेश पुसून टाकला. फळा पुसायला लागतो तितकाही वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात मावशी मला त्यांच्या दाराशी भेटल्या. त्यांचा राग मी समजू शकलो असतो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सर, यायचं ओरडणं आम्ही रोजच आयकतो. त्याच्यावर नाई गेलो आम्ही. तुम्हाले मोठ्यानं बोलताना पह्यल्यांदाच आयकलं होतं. म्हणून खरं वाटलं.’

भाऊजींचं पेन्शनचं खातं मात्र अजून त्याच उघड्या पासवर्डावर होतं. कुणाचाही हात तिथे कधीही पोचला असता. एका दुपारी मी तो बदलायला गेलो. भाऊजींनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली. माझ्या कानाला तोंड लावून, हाताचा आडोसा करून नवा शब्द सांगितला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कोणाच्या कानात कुजबुज केली नव्हती आणि ती किती हळू करायची याचा त्यांना अंदाजही नव्हता. मला काहीच ऐकू आलं नाही. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितला, तेव्हा कळला. मग म्हणाले, ‘आता हे तुले अन् मले. तिसऱ्याले नाई.’ स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. तिने मला विचारलं, ‘माहं नाव काढलं का त्यातून?’ मी खाली मान घालून मोबाईलवर नवा शब्द टाकला. तो तिसऱ्याला सांगायचा नव्हता, तिलाही नाही.

ज्याने या माणसाला बुडवलं, त्याच्याच कानात त्याने उरलेलं सगळं ठेवलं होतं. मला ते सहन होईना. मला त्यांच्या कानात सांगायचं होतं, पण भाऊजींना कानात काही सांगता येत नाही. मी उठलो, खिडकी उघडली, कारण बंद खोलीत ते बोलणं मला जमणार नव्हतं, आणि त्यांच्यासमोर उभा राहून ओरडलो. ‘भाऊजी! लोकं तुम्हाले चोर म्हणून राहिले होते तेव्हा मी लिहिलं होतं, याले मी आणलं म्हणून! अन् मंग पुसून टाकलं! भेलो मी! मावशीले, पोहेवाल्याले, सगळ्याईले मीच बुडवलं! तुम्ही नाई!’

भाऊजी माझ्या ओठांकडे पाहत होते. समोर मावशींच्या खिडकीत हालचाल झाली. ठेल्यावरचा झारा थांबला. भाऊजींनी एकदा बाहेर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या मूळच्या आवाजात गरजले, ‘हळू बोल गा, प्रोफेसर! गल्ली आयकून राहिली!’

बाहेर कोणी तरी फसकन हसलं. ताईने डोळ्याला पदर लावला. मावशींनी खिडकी लावून घेतली. पण आपटली नाही.

त्याने काही भरून निघालं असं नाही. पैसे गेले ते गेलेच. तक्रार दिली आहे, ती देणाऱ्यांची रांगही मोठी आहे. मावशी माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं ‘सर, चहा घेऊन जा’ म्हणत नाहीत. भाऊजींचा आवाज अर्धा परत आला आहे. मधल्या घरापर्यंत जातो, टोकापर्यंत जात नाही. मोबाईलला मात्र ते हात लावत नाहीत. त्यामुळे गॅस संपला की ताई मला फोन करते, आणि मी धरमपेठेतून मेट्रोने, मग ऑटोने, त्यांच्या मोबाईलवर एक सिलिंडर बुक करायला इतवारीला जातो. पोहेवाला मला येताना पाहतो, फडक्याला हात पुसतो आणि पुन्हा तर्री ढवळायला लागतो. पूर्वी हे काम त्याचं होतं.

भाऊजी माझ्यासमोर बसून मी काय टाकतो ते न पाहता भिंतीकडे बघतात. इतका विश्वास. परतताना दर वेळी वाटतं, तो शब्द त्यांनी माझ्याजवळ ठेवायला नको होता. गल्लीत तो बरा होता, पोट्ट्यांच्या तोंडी.